फुटका घडा आणि गळकी जीप

आरोग्यशिक्षणाच्या धंद्यात एक किस्सा फार जुना आहे. खेड्यात हिवतापाची फिल्म दाखवली, पडद्यावर म्हशीएवढा डास आला आणि शेवटी एक म्हातारा उठून म्हणाला, "एवढाले डास आमच्याकडं न्हाईत, आमाला काय भ्या न्हाई." हा किस्सा मी पुण्याच्या शिबिरात ऐकला, मुंबईच्या ऐकला, एकदा तर परदेशातून आलेल्या पाहुण्यांकडूनही ऐकला. प्रत्येक सांगणाऱ्याने तो म्हातारा म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. मला तो बीड जिल्ह्यात इतकी वर्षं हिंडून एकदाही भेटला नाही. आमच्याकडच्या माणसाला डास केवढा असतो ते ठाऊक असतं आणि पडद्यावर सगळं मोठं दिसतं हेही ठाऊक असतं. आमच्या फिल्म फसायच्या, नाही असं नाही, पण त्या फसण्याची कारणं वेगळी होती आणि त्यांतलं एक कारण एका लेकराच्या जिवावर उठलं होतं. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मी मूळची चित्रकलेची बाई. शाळेत नोकरी लागेना म्हणून बीडच्या एका लहानशा संस्थेत गेले, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच कागदाची माणसं हलवत बसले. आमचं काम म्हणजे रोग टाळायच्या छोट्या छोट्या चलचित्रफिती बनवायच्या आणि गावोगावी जाऊन दाखवायच्या. कार्डशीटची माणसं कापायची. खांदा, कोपर, गुडघा असे तुकडे वेगळे करून दोऱ्याने सांधायचे. ती काचेवर आडवी निजवायची, वर कॅमेरा टांगायचा, हात गव्हाच्या दाण्याएवढा सरकवायचा, फोटो काढायचा, परत सरकवायचा, परत फोटो. दिवसभर मान मोडून बसावं तेव्हा पडद्यावरची बाई चुलीपासून रांजणापर्यंत पोचते. मधेच कुणी पंखा लावला तर बाई उडून जाते.

लोक विचारायचे, एवढा खटाटोप कशाला, खरी माणसं घेऊन फिल्म काढा की. काढून पाहिली होती. लोकांनी रोग सोडून त्या नटीचं लुगडं पाहिलं, पाटल्या पाहिल्या, ही कुणाची कोण यावर पैजा लावल्या. चित्रातल्या बाईला आडनाव नसतं, ती कुणाचीच भावकी नसते, म्हणून तिचं सगळे ऐकून घेतात. तरी पुरुष रंगवताना पंचाईत व्हायचीच. टोपी घातली की तो पुढारी व्हायचा, फेटा बांधला की लग्नातला वऱ्हाडी, आणि बोडका ठेवला तर "कोण वारलं ओ ह्याच्या घरी?" असं कुणीतरी विचारायचंच. शेवटी खांद्यावर उपरणं टाकून त्याचं भागवलं.

दुष्काळ पडला की प्रेक्षक बदलायचा. तलवाड्याला हात धुण्याची फिल्म लावली होती. चित्रातल्या बाईने नळ सोडला, साबण लावला, हात धुतले. दिवे लागल्यावर पहिला प्रश्न आला, "हे गाव कोणतं म्हणायचं ताई? लेक द्यावी म्हणतो तिथं." सगळे हसले. दुसरा म्हणाला, "धुतलेलं पाणी सांडून दिलं की वो तिनं. शेळीला तरी पाजायचं." जंतूंकडे कुणी पाहिलंच नव्हतं, सगळ्यांचे डोळे पाण्यावर होते. आम्ही परत येऊन नळ खोडला, बाईच्या हाती तांब्या दिला आणि हाताखाली घमेलं ठेवलं. मला वाटलं, झालं, दुष्काळातला प्रेक्षक आता आपल्याला कळला.

आमच्या फिरतीचा दुसरा खांब म्हणजे सलीमभाई. बीडचे, मेकॅनिकच्या घरातले. जीप चालवायची, जनरेटर लावायचा, पडदा बांधायचा आणि फिल्मला आवाज द्यायचा, ही सगळी कामं त्यांची. आमच्या सगळ्या फिल्ममधला डास, माशी, जंत आणि सरपंच हे एकट्या सलीमभाईंचे आवाज आहेत. जीप मात्र त्यांच्याही हाताबाहेर गेलेली. तिचा रेडिएटर गळायचा. नवा बसवायचा अर्ज संस्थेच्या बैठकीत दर वेळी पुढच्या बैठकीवर जायचा. त्यामुळे जीपमध्ये कायम पाण्याचा कॅन असायचा, आणि जिथे माणसं हंड्याला हंडा लावून टँकरची वाट पाहत बसलेली तिथे सलीमभाई कॅन घेऊन उभे राहायचे. शरमेने त्यांची मान वर होत नसे.

त्या वर्षी वडवणी तालुक्यातल्या एका दूध संस्थेने छावणी उघडली होती. छावणी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. गावात चारा-पाणी उरलं नाही की आसपासच्या गावांची जनावरं एका माळावर आणून दावणीला बांधतात. तिथे त्यांना चारा आणि पाणी मिळतं. प्रत्येक घरचं एखादं माणूस जनावरांजवळ राहतं, पाचट आणि ताडपत्रीच्या खोपटात. घरातले धडधाकट लोक ऊसतोडीला गेलेले असतात, त्यामुळे छावणीत उरतात म्हातारी माणसं आणि बारकी लेकरं. शेण, माश्या, एकाच टाकीचं पाणी आणि वर ऊन. जुलाब-उलट्यांना एवढं पुरे होतं. दूध संस्थेच्या चेअरमनांनी आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं. माणूस कळकळीचा, फक्त माइक हाती आला की सोडवत नसे. चारावाटपाचा हिशोब, सहकाराची महती आणि संचालक मंडळाची नावं एवढं झाल्यावर आमचा पडदा उजळला.

फिल्म जुलाबाचीच होती. आमच्याकडे एक समजूत पक्की आहे. लेकराला जुलाब लागले की त्याचं पाणी तोडायचं. घातलेलं सगळं खालून जातंय, मग घालायचं कशाला, असा हिशोब. खरं तर लेकरू जुलाबाने जात नाही, पाणी संपल्याने जातं. हे पटवण्यासाठी मी एक घडा रंगवला होता. घड्याला भोक, पाण्याची धार लागलेली, आणि बाई वरून तांब्याने पाणी ओतते आहे. घड्याच्या जागी हळूहळू लेकरू दिसायला लागतं. घडा गळतोय ना, मग भरत राहा, रिता होऊ देऊ नका. हे चित्र आम्हाला शिबिरात शिकवलं होतं आणि देशभर सगळे तेच काढत होते. माझा घडा इतरांपेक्षा सुबक होता, याचा मला थोडा गर्वही होता.

घड्याच्या वेळी लोक हसले. पुढे बसलेला एक म्हातारा मोठ्यांदा म्हणाला, "फुटक्या घड्यात पाणी घालायलीय, येडी हाय का काय ही?" पुन्हा हशा. मीही हसले. लोक हसले म्हणजे फिल्म पोचली, अशी आमच्या धंद्यातली समजूत आहे आणि तीही जुलाबाच्या समजुतीएवढीच पक्की आहे.

आम्ही छावणीतच मुक्काम केला. सकाळी सामान बांधून निघायच्या आधी निरोप घेत हिंडत होते, तेव्हा टाकीजवळच्या दावणीला कौसाबाई दिसल्या. कौसाबाई म्हणजे काटक, तिखट तोंडाची म्हातारी. दोन बैल, एक गाय आणि दीपाली नावाची दीड वर्षांची नात, एवढं त्यांच्या जिवावर टाकून मुलगा आणि सून उसाला गेलेले. आदल्या संध्याकाळी ही दीपाली पडद्यामागे जाऊन चित्रातली बाई शोधत होती. आज ती आजीच्या मांडीवर निपचित पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, रडायला तोंड उघडत होती पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली.

ते डोळे मी ओळखत होते. कागदावर कितीदा काढले होते, खोल कसे दाखवायचे म्हणून काळी छटा देऊन देऊन. खऱ्या लेकराच्या चेहऱ्यावर मी ते पहिल्यांदाच पाहत होते.

"आजी, कधीपासून?"

"काल दुपारपून. रातीला वाढलं, पंधरा येळा तरी झालं आसंल. रातीपून पाणी तोडलंय, आता कमी पडलंय."

"पाणी तोडलं? अहो, रात्री फिल्म पाहिली ना तुम्ही?"

"पायली की. म्हून तर तोडलं. सांजच्याला घोट घोट देतच व्हते. मंग तुमचा घडा बगितला. फुटका घडा भरतंय व्हय कोण? आदी भोक बुजवावं, मंग पाणी घालावं. भोक बुजंना तवर कावून घालायचं? पाणी काय उतू चाललंय?"

ज्या बाईने जन्मभर तीन कोसांवरून घागर आणली आहे तिच्यापुढे मी फुटक्या घड्यात पाणी ओतणारी बाई ठेवली होती. पुण्यात, जिथे तोटी फिरवली की पाणी येतं, तिथे त्या चित्राचा अर्थ भरत राहा असा होतो. आमच्या माळावर त्याचा एकच अर्थ होतो. आदल्या रात्रीचा तो म्हातारा मला तेच सांगत होता आणि मी हसत होते.

मी समजवायला लागले. शरीर म्हणजे घडा नव्हे, रक्तातलं पाणी, मीठ, सगळं सांगितलं. कौसाबाईंनी पोरीवर पदर ओढला आणि तोंड फिरवलं. "तुमीच काल एक दाखिवता आन् आज दुसरंच सांगता. तिची आई माझ्या भरवशावर टाकून गेलीय पोरीला. काय झालं तर तोंड कसं दाखवू मी तिला?"

तेवढ्यात सलीमभाई कॅन घेऊन टाकीवर आले. निघायचं होतं, रेडिएटर भरायचा होता. कौसाबाईंना राग काढायला माणूस मिळाला.

"या, या! ह्यांच्या गाडीला काल बी घागरभर पाणी, आज बी. समदं खाली गळून जातंय, चिखल झालाय बगा तिथं. गळकी हाय म्हाईत हाय, मंग कावून घालता वो तिला?"

सलीमभाईंना आमचं बोलणं माहीत नव्हतं. ते नेहमीच्या अजीजीने म्हणाले, "नाही घातलं तर इंजन जाम होतं ना आजी. एकदा इंजन बसलं की मग रेडिएटर नवा टाकून काय करता? गळतंय तेवढं घालत घालत बीड गाठायचं. भोक झाळणारा तिथं बसलाय."

कौसाबाईंनी जीपखालच्या चिखलाकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पोरीकडे. मी एक शब्द जास्त बोलले तर बिघडेल असं वाटत होतं.

"म्हंजे भोक बुजवणारा तिकडं बीडात हाय म्हणता."

"तिकडं आहे, आजी," मी म्हणाले, "सरकारी दवाखान्यात. तिथवर दीपालीला कोरडं पडू द्यायचं नाही."

"मंग उभ्या काय ऱ्हायल्या? साखर आणा!"

छावणीच्या चहावाल्याकडे उकळलेलं पाणी होतं. पेलाभर पाण्याला सपाट चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ, चव घेऊन पाहायची, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. मोठं भांडं भरून केलं. पहिला चमचा ओघळला. दुसरा गिळला. पाचेक चमच्यांनंतर उलटी झाली तशी कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "गाडी पण पहिलं पाणी थुंकते," सलीमभाई म्हणाले, "जरा थांबा, परत घाला." तिथून वडवणी आणि बीड सारखंच लांब. सलाईन लागली तर शेवटी बीडलाच जायचं, म्हणून सरळ बीडचा रस्ता धरला.

तो प्रवास मी विसरणार नाही. थोडं अंतर गेलं की इंजिनाच्या तापाचा काटा चढायचा, सलीमभाई जीप बाजूला घ्यायचे. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडता येत नाही, वाफेने तोंड भाजतं. थांबावंच लागतं. माझा जीव टांगणीला लागायचा, पण त्या थांबण्यात पोरीला धक्के नसायचे आणि चमचे नीट पोटात जायचे. सलीमभाई तिकडे कॅन उचलायचे, कौसाबाई इकडे चमचा. "गाडीला पाज, पोरीला पाज," असं त्या स्वतःशीच म्हणत होत्या.

अर्ध्या वाटेत कॅन संपला. रस्त्याकडेला एक हॉटेल होतं, दारात झाकलेले ड्रम. मालकाने कॅन पाहिला आणि हात जोडले. "माणसाला पाजतो भाऊ, तांब्या भरून पाजतो. गाडीला न्हाई मिळायचं. तुमीच सांगा, हे दिवस हायत का?" त्याचं काही चुकलं नव्हतं. सलीमभाई रिकामा कॅन घेऊन वळले.

जीपमधून कौसाबाई ओरडल्या, "आरं, गाडी न्हाई ती! माझी नात हाय ती!"

मालकाला यातलं काय समजलं ते मला आजही सांगता येणार नाही. तो जीपजवळ आला, आत डोकावला, पोरीला पाहिलं आणि परत जाऊन ड्रमचं झाकण काढलं. कॅन स्वतः भरून आणून दिला.

बीडची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा कौसाबाई दचकल्या. मांडीखाली हात घातला, हात वर करून पाहिला. लुगडं ओलं झालं होतं.

"मुतली! ताई, मुतली बगा पोरगी! सलीमभाव, मुतली!"

शरीरात पाणी टिकायला लागलं की लेकरू लघवी करतं, एवढीच त्यातली डॉक्टरकी. पण त्या क्षणी मला रडू कोसळलं, आणि सलीमभाईंनी जीप चालवत चालवत हॉर्न वाजवला, कारण नसताना, दोनदा. पुढे दवाखान्यात सलाईन लागली, थोड्या दिवसांनी दीपाली परत छावणीत जाऊन बैलांच्या पायांत खेळायला लागली.

मी घडा मोडीत काढला. ज्या गावांत तो दाखवून आले होते तिथे कुणी काय अर्थ घेतला असेल, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही, अजूनही. नवी फिल्म गळक्या जीपची केली. रस्त्यात थांबत थांबत बीड गाठणारी जीप आणि तिच्यात आजीच्या मांडीवर चमचा चमचा पिणारं लेकरू. शेवटी लेकरू मुतून आजीचं लुगडं ओलं करतं. त्या जुन्या गावांत ती आधी नेली असती, पण त्या आधी ती मंजूर व्हायची होती. मंजुरीच्या समितीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, सगळं छान आहे, पण शेवट बरा दिसत नाही, स्त्रिया असतात समोर. त्याऐवजी लेकरू हसतंय, मागे सूर्य उगवतोय असं करा. मी वाद घातला आणि हरले. कार्डशीटचा सूर्य कापला.

छावणी उठायच्या आधी ती फिल्म तिथेच पहिल्यांदा लावली. ऊसतोडीचे लोक परतले होते. कौसाबाई पुढेच बसल्या होत्या, शेजारी सून, सुनेच्या मांडीवर दीपाली. जीप आली तशा कौसाबाई सुनेला कोपराने ढोसू लागल्या, "बग, बग, आता हाटेलवाला यील." हॉटेलवाला आला. बीड आलं. लेकरू हसलं, सूर्य उगवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कौसाबाई उठून उभ्या राहिल्या. "आन् पोरगी मुतली का न्हाई?"

"वाचली आजी ती," मी माइकवर म्हणाले, "हसली की शेवटी."

"हासत्यात वो लेकरं मरायच्या आदी बी. माझी थोरली हासली व्हती. मुतली का न्हाई, ते सांगा."

त्यांची थोरली लेक होती हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सून सासूकडे पाहतच राहिली. सलीमभाईंनी माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि म्हणाले, "मुतली आजी. लुगडं भिजलं पार."

"मंग तसं दाखवा की," म्हणत कौसाबाई खाली बसल्या.

बीडला परत आल्यावर सूर्य काढून टाकला. समितीच्या कपाटात सूर्याची प्रत राहिली, गावांत मुतणाऱ्या पोरीची गेली आणि घड्याच्या गावांत सगळ्यांत आधी गेली. आवाजासाठी सलीमभाईंनी तोच जीपचा कॅन घेतला आणि ओल्या फडक्यावर बारीक धार धरली. ते पाणीही त्यांनी वाया घालवलं नाही, खाली परात ठेवली होती.

पुढे कितीतरी वर्षं ती फिल्म दाखवली. शेवटाला ती धार ऐकू आली की पोरं खिदळायची, पुरुष इकडेतिकडे बघायचे, आणि अंधारात बायांच्या बाजूने कुणीतरी हलकेच म्हणायचं, "वाचली बाई."